परत करायचे पुस्तक : सार्वजनिक वाचनालयाच्या सभासदत्वाविषयी

चाळिशी ओलांडलेल्या, नोकरी आणि घर यांत दिवस संपणाऱ्या, पण शाळा-कॉलेजात अधाशासारखे वाचलेल्या माणसाला वाचन पुन्हा सुरू करावेसे वाटले, तर आज त्याच्यापुढे साधनांची वानवा नाही. पुस्तक प्रदर्शने वर्षभर कुठे ना कुठे चालू असतात, पुस्तके घरपोच येतात, फोनवर ई-पुस्तके उघडतात, प्रवासात श्राव्य पुस्तके ऐकता येतात. वानवा असते ती सलग अर्ध्या तासाची, आणि त्या अर्ध्या तासात मन पानावर टिकण्याची. नेमकी ही अडचण सोडवण्याच्या दृष्टीने पाहिले, तर या सगळ्या साधनांपेक्षा एक जुनी, साधी आणि अत्यंत स्वस्त सेवा अधिक उपयोगी पडते असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. ती सेवा म्हणजे सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व.

मी ज्या वाचनालयाची सभासद आहे, ते मध्य रेल्वेवरच्या एका उपनगरात, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, भाजी मंडईच्या मागच्या दुमजली इमारतीत आहे. तळमजल्यावर वृत्तपत्रांचा मोफत वाचनकक्ष आहे, त्याला लागून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मुलांची अभ्यासिका आहे, आणि वरच्या मजल्यावर देवघेव विभाग व त्यामागे पुस्तकांच्या कपाटांच्या रांगा आहेत. संस्थेचे नाव येथे देत नाही. पुढे जे बरेवाईट लिहिले आहे ते महाराष्ट्रातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या वाचनालयात थोड्याफार फरकाने आढळेल, आणि हे परीक्षण त्या प्रकारच्या सेवेचे आहे.

ही सेवा किती जुनी आहे आणि किती जवळ उपलब्ध आहे याची अनेकांना कल्पना नसते. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, पुण्याचे १८४८ सालचे, कल्याणचे १८६४ सालचे. मराठी ग्रंथांचा संग्रह करावा या स्पष्ट हेतूने ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले आणि पाठोपाठ १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय. पुढे १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने अशा संस्थांना शासनमान्यता आणि अनुदान देण्याची व्यवस्था लागली, आणि आज राज्यात अ, ब, क, ड अशा वर्गांत विभागलेली हजारो अनुदानित वाचनालये आहेत. त्यांपैकी बहुतेक सरकारी खाती नसून गावातल्या लोकांनीच नोंदणी करून चालवलेल्या संस्था आहेत. वर्गणी अजूनही परवडण्यासारखी राहिली आहे ती यामुळेच. माझ्या वाचनालयात पाचशे रुपये अनामत आणि महिना ऐंशी रुपये वर्गणी भरून एका वेळी दोन पुस्तके आणि एक नियतकालिक घरी नेता येते. आजच्या एका बऱ्यापैकी जाड कादंबरीच्या किमतीत चार-पाच महिन्यांचे वाचन होते.

परंतु स्वस्ताई हा या सेवेचा दुय्यम गुण आहे. वाचन सुटलेल्या माणसासाठी तिचा मुख्य गुण असा की येथून आणलेले पुस्तक परत करावे लागते. विकत घेतलेले पुस्तक आपले असते, त्यामुळे ते कधीही वाचता येईल अशी खात्री असते, आणि ही खात्रीच त्या पुस्तकाला वर्षानुवर्षे कपाटात बसवून ठेवते. वाचनालयाच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर परतीच्या तारखांचे निळे-जांभळे शिक्के एकाखाली एक उमटलेले असतात, आणि सर्वांत खालची तारीख आपली असते. पंधरा दिवसांची ही मुदत फार कडक नाही, उशीर झाल्यास दंडही किरकोळ असतो, फोन करून मुदत वाढवूनही मिळते. तरीही आठवड्याच्या मध्यावर कधीतरी ती तारीख आठवते आणि रात्री जेवणानंतर हात आपोआप त्या पुस्तकाकडे जातो. आपल्यामागे कोणीतरी हे पुस्तक मागणार आहे, या जाणिवेचाही त्यात वाटा असतो. ऑफिसच्या कामांना मुदत असते म्हणून ती होतात आणि वाचनाला मुदत नसते म्हणून ते राहून जाते, हे ज्यांना पटते त्यांनी केवळ एवढ्या एका कारणासाठीही सभासद व्हावे.

दुसरा गुण म्हणजे काउंटरच्या पलीकडे बसणारी माणसे. मी सभासद झाले तेव्हा, बऱ्याच वर्षांनी वाचायचे तर काहीतरी भरीव वाचावे या विचाराने, पाचशे-सहाशे पानांची एक ऐतिहासिक कादंबरी काढून नोंदीसाठी पुढे केली होती. देवघेव विभागातल्या ज्येष्ठ ताईंनी पुस्तकाचा दाखल क्रमांक वहीत उतरवण्याआधी विचारले, ‘‘ताई, मध्ये किती वर्षं वाचन नव्हतं?’’ मी बारा-तेरा म्हटल्यावर त्यांनी ती कादंबरी शांतपणे बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, ‘‘मग ही दिवाळीच्या सुट्टीत न्या. आत्ता कथासंग्रह न्या, पातळसा. एक कथा एका बैठकीत संपते. संपवल्याचं समाधान मिळालं की माणूस परत येतो. नाहीतर जाड पुस्तक नेलेले लोक पंधरा दिवसांनी पुस्तक ठेवून जातात ते जातातच, बघा.’’ इतका नेमका सल्ला मला दुसरीकडे कुठेही मिळाला नाही. इतकी वर्षे कोण काय नेते, किती दिवसांनी आणते आणि आणताना चेहरा कसा असतो हे पाहणाऱ्या व्यक्तीचे हे ज्ञान आहे. ‘तुम्हाला हेही आवडेल’ असे सुचवणारी यंत्रणा आपण आधी काय घेतले ते पाहते, आपल्यात आत्ता किती वाचण्याचे बळ आहे हे तिला कळत नाही. त्या कथासंग्रहानंतर त्यांनी मला ललित लेखांचे एक पुस्तक दिले, मग एक लहानसे आत्मचरित्र, मग प्रवासवर्णन, आणि ती ऐतिहासिक कादंबरी माझ्या हाती पडली तेव्हा खरोखरच दिवाळी जवळ आली होती.

तिसरी गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिते. आमच्या वाचनालयात मुक्तद्वार पद्धत आहे, म्हणजे सभासदाला थेट कपाटांपर्यंत जाऊन पुस्तक निवडता येते. कपाटांची मांडणी कादंबरी, कथा, चरित्र, नाटक, धार्मिक, बालवाङ्मय अशी आहे आणि प्रत्येक प्रकारात लेखकाच्या आडनावानुसार पुस्तके लावलेली आहेत. पण सराईत सभासद कपाटांकडे जातच नाहीत. ते काउंटरच्या डाव्या हाताला असलेल्या लांब टेबलाशी थांबतात. त्या दिवशी परत आलेली आणि अजून जागेवर न लागलेली पुस्तके तेथे आडवीतिडवी पडलेली असतात. हजारो पुस्तकांतून निवड करणे हे दमलेल्या माणसासाठी एक कामच असते, आणि शुक्रवारी संध्याकाळी आणखी एक काम अंगावर घ्यायची कोणाची तयारी नसते. त्या टेबलावर मात्र तीस-चाळीसच पुस्तके असतात, आणि त्यांतले प्रत्येक कोणीतरी नुकतेच वाचलेले असते. शेवटच्या चिठ्ठीवरचे शिक्के पाहिले की ते पुस्तक वर्षाकाठी किती हातांतून जाते तेही कळते. ज्या पुस्तकावर गेल्या वर्षभरात आठ-दहा शिक्के आहेत, ते बहुधा वाचताना हातातून सुटत नाही असा माझा अनुभव आहे. कोणत्या पुस्तकाची किती चर्चा चालू आहे यापेक्षा आपल्याच भागातल्या माणसांनी काय वाचून संपवले, हा निकष सुरुवातीच्या काळात अधिक भरवशाचा ठरतो.

आता पुस्तकांच्या स्थितीविषयी. नवी पुस्तके प्लॅस्टिकच्या वेष्टनात, नीट राखलेली असतात. जुन्यांचे तसे नाही. ज्या पुस्तकाला पुन्हा बांधणी केलेली असते त्याचे मूळ मुखपृष्ठ आणि मलपृष्ठावरचा मजकूर गेलेला असतो, कडक पुठ्ठ्यावर पाठीशी कापडाची पट्टी आणि त्यावर पांढऱ्या शाईने लिहिलेला क्रमांक एवढेच उरते, आणि शिलाई इतकी घट्ट असते की ओळींची आतली अक्षरे घडीत जातात व पुस्तक दोन्ही हातांनी उघडून धरावे लागते. पडून वाचण्याची सवय असलेल्यांना याचा त्रास होतो. साठ-सत्तरच्या दशकांतल्या आवृत्त्यांचा टाइप बारीक आहे आणि कागद तपकिरी पडला आहे.

येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते, कारण वाचन सुटण्याच्या चर्चेत ती सहसा येत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांच्या भिंगाची लवचिकता कमी होते आणि जवळचे दिसण्यास ताण पडू लागतो. हा बदल हळूहळू होतो, त्यामुळे चार पाने वाचली की डोके जड होते आणि आपला वाचनातला रसच गेला अशी समजूत होऊन बसते. माझ्या ओळखीच्या दोन माणसांचे वाचन निव्वळ जवळचा चष्मा लागल्यावर पुन्हा सुरू झाले. सभासद होण्याआधी डोळे तपासून घ्यावेत आणि घरात वाचण्याच्या जागी खांद्यामागून उजेड येईल असा एक चांगला दिवा लावावा. एरवी बारीक टाइपाच्या जुन्या पुस्तकाला दोष दिला जाईल, आणि तो त्याचा नसेल.

अक्षर मोठे करता येणे हा किंडलसारख्या ई-वाचक यंत्राचा मोठाच फायदा आहे आणि तो मान्य करायला हवा. किंडलवर २०१६ च्या डिसेंबरपासून मराठी पुस्तके मिळू लागली आणि ई-शाईचा पडदा डोळ्यांना फोनइतका बोचत नाही. ज्यांच्या गावी वाचनालय नाही, किंवा जे परदेशी आहेत आणि ज्यांना मराठी छापील पुस्तक सहज मिळत नाही, त्यांच्यासाठी ही सोय मोलाची आहे. तथापि मराठीत छापून आलेल्या पुस्तकांचा फार मोठा भाग, विशेषतः जुना, ई-स्वरूपात आलेलाच नाही, आणि वाचनालयाचे बळ नेमके त्याच भागात आहे. पन्नास वर्षांपूर्वी एकच आवृत्ती निघून संपलेली प्रवासवर्णने, विस्मृतीत गेलेल्या लेखिकांचे कथासंग्रह, स्थानिक इतिहासाची पुस्तके ही सगळी तेथे उभी आहेत आणि वर्षातून एखाद्याच हाताची वाट पाहत आहेत. श्राव्य पुस्तकांविषयी म्हणायचे तर सकाळच्या फास्ट लोकलमध्ये, जेथे हात वर करून कडी धरण्यापुरतीच जागा असते, तेथे दुसरे काही शक्यच नसते, आणि चांगल्या आवाजात ऐकलेली कथा मनात राहतेही. पण ऐकण्याने वाचनाची बैठक येत नाही. ओळीवर डोळे टिकवण्याचा, मागे जाऊन परिच्छेद पुन्हा वाचण्याचा, पान उलटून थांबण्याचा सराव वेगळा असतो आणि तो हातात पुस्तक धरूनच करावा लागतो. माझ्या बाबतीत पहिले काही आठवडे दहा पानांच्या पुढे मन टिकत नव्हते. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून रात्री साडेदहा ते अकरा एवढाच वेळ ठरवून घेतल्यावर हळूहळू पाने वाढत गेली.

या सेवेतला सर्वांत रसाळ भाग म्हणजे दिवाळी अंकांची योजना. काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये काढलेल्या दिवाळी अंकापासून ही परंपरा सांगितली जाते, आणि आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. ते सगळे विकत घेणे कोणाला परवडणार नाही आणि एका घरात मावणारही नाही. वाचनालयात ठरावीक जादा रक्कम भरली की दिवाळीपासून पुढचे तीन-चार महिने एक एक अंक बदलून नेता येतो. पहिल्या महिन्यात मागणी असलेले अंक दोन-तीन दिवसांत परत करावे लागतात, त्यामुळे काउंटरवर त्या काळात एक सुखद लगबग असते, आणि एरवी एकमेकांशी न बोलणारे सभासदही ‘‘त्या अंकातला गिरणगावावरचा लेख आधी वाचा हं’’ असे सांगून जातात. वाचन पुन्हा सुरू करणाऱ्याला दिवाळी अंकाइतका सोयीचा प्रकार नाही. एका अंकात कथा असते, दीर्घ लेख असतो, कविता असतात, व्यंगचित्रे असतात. जे भिडले नाही ते ओलांडून पुढे जाण्यात कसला संकोच वाटत नाही, आणि एखाद्या लेखकाची कथा आवडली की त्याचे पुस्तक मागण्यासाठी पाय आपोआप कपाटाकडे वळतात. माझ्या घरी तर आता अंक आला की तो आधी कोणी घ्यायचा यावरून सासूबाई, मी आणि नववीतली मुलगी यांच्यात वाटाघाटी होतात, आणि बहुतेक वेळा सासूबाई जिंकतात.

उणिवा आहेत, आणि त्या लपवण्यासारख्या नाहीत. सर्वांत मोठी उणीव वेळेची. वाचनालय दुपारी बंद असते, रात्री आठला बंद होते आणि आठवड्याची सुट्टी रविवारी असते. जो नोकरदार सात चाळीसला गाडीतून उतरतो त्याला धावतपळत जावे लागते, आणि ज्या एका दिवशी त्याला सवड असते त्या दिवशी दाराला कुलूप असते. ही सुट्टी सोमवारी केली आणि आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत देवघेव चालू ठेवली, तर सभासदसंख्या वाढेल याविषयी मला शंका वाटत नाही. मात्र येथे हेही समजून घेतले पाहिजे की शासनाचे अनुदान तुटपुंजे आहे, ते हप्त्याहप्त्याने येते, आणि कर्मचाऱ्यांचे वेतन इतके कमी आहे की त्यांना जादा वेळ थांबा असे म्हणणे अन्यायाचे होईल. वेळ वाढवायची असेल तर वर्गणी वाढली पाहिजे, आणि ती महिना दीडशे झाली तरी नियमित सभासदाने कुरकुर करू नये असे मला वाटते.

दुसरी उणीव सूचीची. संगणकावर नोंद झाली आहे असे सांगितले जाते, परंतु सभासदाला घरबसल्या शोध घेता येत नाही, आणि एकाच लेखकाचे नाव निरनिराळ्या प्रकारे टंकलेले असल्याने काउंटरवरच्या शोधातही पुस्तक सापडत नाही. ते कपाटात मात्र असते. नव्या पुस्तकांच्या खरेदीतही ढिलाई आहे: गाजलेली कादंबरी येण्यास वर्ष लागते, विज्ञान, अर्थकारण, पर्यावरण या विषयांवरची मराठीतली अलीकडची चांगली पुस्तके फारच थोडी आहेत, तर एकाच धाटणीच्या यशोगाथांच्या मात्र तीन-तीन प्रती आहेत. मागणीची वही काउंटरवर ठेवलेली असते. तिच्यात पुस्तकाचे, लेखकाचे व प्रकाशनाचे नाव स्पष्ट लिहून सही केली की समितीच्या बैठकीत त्यावर विचार होतो. मी लिहिलेल्यांपैकी काही पुस्तके आली आहेत, म्हणून ही वही सभासदांनी मनावर घ्यावी असे सुचवते. पंधरा ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनी होणारी भाषणे ऐकण्यापेक्षा त्या वहीत पाच नावे लिहिणे अधिक उपयोगाचे आहे.

मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी एक सूचना. बालविभाग वेगळ्या खोलीत आहे, तेथे जमिनीवर सतरंजी आहे आणि पुस्तके हाताला येतील अशा उंचीवर लावलेली आहेत, पण बालसभासदाची वर्गणी वेगळी भरावी लागते. ती नाममात्र आहे आणि भरावीच, कारण स्वतःच्या नावाचे कार्ड मिळालेले मूल आईवडिलांनाही परतीची तारीख चुकवू देत नाही.

सभासद होण्यासाठी आमच्याकडे पत्त्याचा पुरावा, एक छायाचित्र आणि एका विद्यमान सभासदाची शिफारस लागते. शिफारस करणारे कोणी ओळखीचे नसेल तर तळमजल्यावर वर्तमानपत्र वाचत बसलेल्या आजोबांपैकी कोणीही ती आनंदाने करतात. शनिवारी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास जावे. त्या वेळी परत आलेल्या पुस्तकांचे टेबल भरलेले असते आणि आठवड्याची गर्दी अजून सुरू झालेली नसते. सुरुवातीला तीन महिन्यांचीच वर्गणी भरावी, मोठी कादंबरी नेऊ नये, दीडशे पानांच्या आतले एकच पुस्तक घ्यावे, आणि ते पूर्ण झाले नसले तरी पुढच्या शनिवारी बदलून आणावे. ज्या पुस्तकात मन लागत नाही ते रेटत बसल्याने सभासदत्व बंद पडते, असे त्या ज्येष्ठ ताईंचेही सांगणे आहे. तीन महिन्यांनी नकोसे वाटले तर अर्ज देऊन अनामत रक्कम पूर्ण परत मिळते. पावती तेवढी जपून ठेवावी.